दाबून धर

इघिल हे उताराचं गाव. जुर्जुरा डोंगररांगेच्या एका कण्यावर ते असं बसलंय, की बाजारचौकातून कुठल्याही बाजूला निघा, पहिल्या वळणापासून रस्ता खाली धावायला लागतो. त्यामुळे इंजिन बिघडलं तर लोक तिझी-वुझू शहरात जात, पण ब्रेकचं काम निघालं की मेझियानचं गॅरेज गाठत. चौकाच्या खालच्या अंगाला त्याचं घर होतं, वर राहायचं, खाली गॅरेज. आणि गॅरेजात त्याच्या बरोबरीने काम करायची त्याची बायको, शाभा.

गावातल्या झाडून सगळ्या गाड्यांची ड्रायव्हरची सीट शाभाच्या ओळखीची होती. कुणाच्या सीटची स्प्रिंग टोचते, कुणाच्या पायाखाली अंजिराची देठं पडलेली असतात, कोण सिगरेट सोडली म्हणून घरी सांगतो आणि राखदाणी भरून ठेवतो, हे तिला बसल्या बसल्या कळायचं. एवढ्या गाड्यांत बसली बाई, पण त्यातली एकही तिने कधी हातभर पुढे नेली नव्हती.

हे सुरू झालं ते लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. मेझियानचा गडी एक दिवस न सांगता मार्सेयला निघून गेला. गॅरेजात एक प्यूजो जॅकवर चढवलेली, चारही चाकं काढलेली, आणि मालक बाहेर ताटकळत उभा. मेझियानने जिन्याखालून हाक मारली, "शाभा, जरा खाली ये. पायाचं काम आहे."

शाभाचे हात पिठात होते. नवऱ्याचा पाय मुरगळला असं समजून ती ऑलिव्हचं तेल कोमट करून वाटीत घेऊन खाली आली. मेझियान गाडीखालून डोकं बाहेर काढून वाटीकडे बघत राहिला आणि मग इतका हसला की त्याला ठसका लागला. "माझा नाही गं, तुझा पाय पाहिजे," तो म्हणाला.

त्याने शटर अर्धं खाली ओढलं, तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि काम समजावलं. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पेडल मऊ पडतं, पाय नुसता खाली जातो आणि गाडी थांबायचं मनावर घेत नाही. ती हवा बाहेर काढायची. एकाने वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली चाकापाशी निपल, म्हणजे तेल सोडायची छोटी तोटी, ढिली करायची, की तेलाबरोबर हवेचे बुडबुडे नळीतून बाहेर पडतात. आधी लांबचं चाक, मग त्याहून जवळचं, असं करत शेवटी ड्रायव्हरच्या पायाशी यायचं.

"तीनचारदा दाब आणि मग दाबून धर. मी निपल उघडली की पाय आपसूक खाली जाईल. जाऊ दे. पण मी 'सोड' म्हणेपर्यंत उचलायचा नाही. काही झालं तरी."

"आणि उचलला तर?"

"तर बाहेर गेलेली हवा परत आत. सगळं मुसळ केरात."

तिने एकदाही पाय उचलला नाही. पहिल्या चाकाला पेडल भिजवलेल्या कणकेसारखं लागत होतं, चौथं चाक झालं तेव्हा पायाखाली दगड आल्यासारखं झालं. तो फरक तळव्यातून वर गुडघ्यापर्यंत चढत गेला तेव्हा तिला मोठी गंमत वाटली. एवढ्या मोठ्या धुडाला आपण खाली बसवलं, असं काहीतरी. वर आली तेव्हा पीठ वाळून गेलं होतं आणि सासू तोंड फिरवून बसली होती.

सासूने पुढे वर्षभर कुरकुर केली. बाजारपेठेत सून परक्या पुरुषांच्या गाडीत बसते, हे तिला कसं पचावं? पण दुसरा गडी मिळाला तो चोर निघाला, तिसरा कामचुकार. शेवटी सासूच म्हणाली की त्या मेल्यांपेक्षा घरचा पाय बरा. दरवर्षी शटर थोडं थोडं वर जात राहिलं. शेवटी ते पूर्ण उघडं राहिलं तरी कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं. कामाला आलेले ड्रायव्हर मेझियानला टोमणे मारायचे, "दा मेझियान, मालकीण वर गादीवर आणि तू खाली चिखलात. इकडे घर असंच चालतं वाटतं?" वडीलधाऱ्याला आमच्याकडे दा म्हणतात, आणि मेझियान टक्कल पडल्यामुळे लवकरच दा झाला होता. तो गाडीखालूनच म्हणायचा, "तुझ्याकडे बाहेरून वेगळं दिसतं, एवढाच फरक."

हळूहळू शाभाचा पाय शहाणा झाला. नुसती हवा असली तर पेडल दोनतीनदा दाबलं की वर येतं. पण पाय स्थिर ठेवूनही पेडल सावकाश बुडत गेलं आणि बाहेर कुठे तेलाचा थेंब नसला, तर पेडलमागच्या मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलेलं असतं, मग कितीही हवा काढा, उपयोग नाही. मेझियान निपल आवळून विचारायचा, "काय म्हणतोय पाय?" आणि ती सांगेल त्यावर पुढचं काम ठरायचं.

त्या सुरुवातीच्या काळातलीच एक दुपार. एका पिकअपची हवा काढून झाली होती. हवा काढल्यावर मेझियान गाडी चौकाला एक फेरी मारून आणायचा, ब्रेक धरतात की नाही बघायला. शाभा सीटवरच बसली होती, स्टिअरिंगवर हात होते. बाहेर ऊन स्वच्छ होतं, चौक रिकामा होता. तिच्या तोंडून निघून गेलं, "आज मीच नेऊ का? मला शिकवा ना चालवायला."

पिकअपचा मालक उआली दाराशी उभा होता. मेझियान हात पुसत होता, मूडमध्ये होता. तो म्हणाला, "आधी थांबवायला नीट शीक, मग चालवायचं बघू." उआली हसला, मेझियान हसला. शाभाही हसली, आणि खाली उतरली.

मेझियान ही गोष्ट संध्याकाळपर्यंत विसरून गेला. शाभाने मात्र ते उत्तर समजून जपून ठेवलं.

तिला शिकवायला दुसरं कुणी नव्हतं असंही नाही. शाळेत मादाम फाझिया म्हणून बाई होत्या, नवऱ्यामागे एकट्या राहणाऱ्या, स्वतःची निळी रेनो चालवणाऱ्या. त्यांच्या गाडीचं काम निघालं की त्या गॅरेजात स्टुलावर बसून शाभाशी गप्पा मारायच्या. त्या म्हणाल्या होत्या, शुक्रवारी शाळा बंद असते, मैदान मोकळं असतं, तू ये, आठ दिवसांत गाडी तुझ्या हातात देते. शाभा म्हणाली, बघते. मादाम फाझियांनी दोनतीन वर्षं अधूनमधून आठवण करून दिली, मग त्यांनीही विषय सोडला.

का गेली नाही, हे शाभाला स्वतःला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. सासू होती, लोक होते, हे खरं. पण खरी गोष्ट वेगळीच होती. जायचं तर मेझियानला पुन्हा विचारावं लागणार. आणि या वेळी तो हसला नाही, सरळ नाही म्हणाला, तर? तोपर्यंत ते फक्त राहून गेलेलं काम होतं. नाही म्हणाला की ते नाहीच होणार. त्यापेक्षा न विचारलेलं बरं. असं म्हणत म्हणत वर्षं गेली, मुलगी झाली, सासू गेली, शाभाच्या केसांत पांढरी बट आली.

शाभाचं माहेर ऐत सलान, कण्याच्या पलीकडच्या दरीत. खेचराच्या वाटेने खिंड ओलांडून पायी जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. गाडीने खालच्या फाट्यावरून डोंगराला वळसा घालून गेलं तर जेवण गरम राहील इतक्या वेळात पोचता यायचं. तिथे तिची आई सक्कूरा एकटी राहायची. म्हातारी सहसा गाव सोडत नसे, पण शाभाची मुलगी सिलिया झाली तेव्हा ती इघिलला आली होती. एकदा जिन्याच्या खिडकीतून तिने खाली पाहिलं, तर शाभा एका मोठ्या मालमोटारीच्या सीटवर बसलेली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ. म्हातारी खुळावलीच. गावी जाऊन तिने झऱ्यावरच्या सगळ्या बायकांना सांगितलं, माझी शाभा गाड्या चालवते. मालमोटारसुद्धा.

पुढच्या खेपेला शाभा मेझियानबरोबर, मागून आणलेल्या गाडीने माहेरी गेली तर बायका तिच्याभोवती जमल्या. ती काही बोलणार, तेवढ्यात आईच म्हणाली, "इथे येताना नवऱ्याला चालवू देते. पुरुषाचा मान राखावा लागतो." आईचा चेहरा असा उजळला होता की शाभाला ते खोडून काढवलं नाही. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मेझियान बाहेर अंजिराच्या झाडाखाली ताक पीत बसला होता, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मग ते वर्ष आलं, जेव्हा आमच्या डोंगरात पोलिसांच्या गोळ्यांनी पोरं मारली गेली आणि गावंच्या गावं पेटून उठली. राजधानीवर मोर्चा न्यायचं ठरलं. इघिलमधलं चाकावर चालणारं जे जे होतं ते सगळं जाणार होतं. त्या आठवड्यात मेझियान आणि शाभाने पाठ टेकली नाही, कारण माणसांनी खच्चून भरलेल्या गाड्या तो घाट उतरणार होत्या. शेवटची गाडी मादाम फाझियांची रेनो. तिची हवा काढून पेडल दगडासारखं केलं आणि मेझियानने ती तोंड बाहेर करून गॅरेजात उभी केली. मादामांचं ऐनवेळी शिक्षकांच्या बसने जायचं ठरलं, म्हणून तेवढी ती गाडी मागे राहिली. किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला लावली. पहाटे मेझियानही उआलीच्या गाडीतून गेला.

सकाळी गॅरेजातला फोन वाजला. ऐत सलानहून शाभाचा चुलतभाऊ आक्ली बोलत होता.

"शाभा, काकूचं काही खरं नाही. पहाटेपासून तुझंच नाव घेतेय. गाडी काढ आणि ये."

एवढं बोलून त्याने फोन ठेवला. गाडी काढ. जणू चप्पल घाल आणि ये.

शाभा चौकात धावली. चौक ओस पडला होता. पाववाल्याची गाडी नाही, पोस्टाची नाही, दवाखान्याचीही जखमींसाठी म्हणून मोर्चाबरोबर गेलेली. गावात उरले होते म्हातारे, बायका आणि पोरं. ड्रायव्हर म्हणावा असा एक आजोबा सापडला, त्याला समोर कोण उभं आहे हे आवाजावरून ओळखावं लागत होतं. शाभा परत गॅरेजात आली. समोर निळी रेनो उभी, टाकी भरलेली, ब्रेक पक्के, ते पक्के असल्याचं तिच्याइतकं छातीठोक सांगणारं दुसरं कुणी नाही. तिने किल्ली काढली आणि सीटवर बसली.

हजारदा पाहिलेलं होतं. किल्ली फिरवली तर गाडीने कुत्र्यासारखी उडी मारली आणि बंद पडली. गाडी गिअरमध्ये होती. रेनोचा गिअरचा दांडा समोरच्या फळीतून बाहेर येतो, तो तिने ओढला, ढकलला, कुठेतरी मोकळा झाला. दुसऱ्यांदा किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. आता पुढे काय, हे तिला एकदम आठवेना. क्लच दाबायचा हे ठाऊक होतं, तो कधी सोडायचा हे पाहून कळत नाही. तिने हँडब्रेक खाली केला.

गॅरेजसमोरचा बोळ उताराचा. गाडी आपोआप निघाली. उंबरठा ओलांडला, पुढचं तोंड बोळात वळलं, वेग आला, समोरच्या अंगणाची दगडी भिंत मोठी होत गेली. शाभाने तिला येत होतं ते केलं. पेडल दाबलं आणि दाबून धरलं.

गाडी जागच्या जागी थांबली. गचका असा बसला की इंजिन बंद पडलं. भिंत हातभर लांब होती. शाभा दोन्ही पाय ब्रेकवर रोवून बसली. हँडब्रेक ओढायचं भानच तिला राहिलं नाही. पाय उचलला की गाडी जाणार, एवढंच डोक्यात. तिने पाय काढला नाही. शेजारची म्हातारी तावूस शेळीला पाला घालायला बाहेर आली, तिने हे पाहिलं, एकही प्रश्न न विचारता दोन धोंडे आणून चाकाखाली सारले आणि म्हणाली, "ऊठ आता. कुठे जात नाही ती."

शाभा उतरली. शाल डोक्यावर घेतली आणि खेचराच्या वाटेला लागली.

ती ऐत सलानला पोचली तेव्हा कोंबड्या खुराड्यात गेल्या होत्या. आई दुपारीच गेली होती. तिला न्हाऊ घालून पांढऱ्यात गुंडाळलेलं होतं. बायकांनी सरकून शाभाला जागा दिली. आईच्या उशाशी बसलेल्या आत्याने तिचा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं, चांगल्या मनाने, तिचं दुःख हलकं व्हावं म्हणून. म्हातारी शेवटपर्यंत शुद्धीवर होती. वाऱ्याने दार वाजलं तरी म्हणायची, ऐका गं, गाडीचा आवाज येतोय का? आम्ही म्हणायचो, येईल, वेळ लागतो. तर म्हणायची, "वेळ कशाला? तिला काय, गाडी हाताशी आहे."

कुणीतरी एका बाईने सहज विचारलं, "गाडी कुठे लावलीस?"

"खाली राहिली," शाभा म्हणाली.

निरोप मिळून मेझियान दुसऱ्या दिवशी आला, अश्रुधुराने डोळे सुजलेले, एक बाही फाटलेली. तो आधी घरी गेला होता. बोळात आडवी उभी राहिलेली रेनो आणि चाकाखालचे धोंडे त्याने पाहिले होते, त्यामुळे कुणाला काही विचारायची गरज त्याला पडली नाही. माती झाली, तिसऱ्या दिवसाचं जेवण झालं, आणि उआलीने दोघांना घरी आणून सोडलं. मेझियानने रेनो आत ढकलली, धोंडे तावूसच्या अंगणात नेऊन ठेवले. मग तो वर आला आणि म्हणाला, "उद्यापासून तुला शिकवतो."

"आता कुणाकडे जायचंय मला?" शाभा म्हणाली.

तिने हे रागाने म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. त्याने पुढच्या महिन्यात पुन्हा विचारलं, उन्हाळा सरता सरता आणखी एकदा. प्रत्येक वेळी ती कामात आहे असं निघालं. मग त्याने विचारायचं सोडलं. काम पहिल्यासारखं चालू राहिलं. मात्र कितीतरी दिवस तो खालून 'सोड' म्हणायचा आणि तिचा पाय लगेच उचलला जायचा नाही. तो वाट बघायचा. दुसऱ्यांदा, हळू आवाजात म्हणायचा.

सिलियाला अठरावं लागलं तसं शाभाने तिच्यामागे लकडा लावून तिला लायसन्स काढायला लावलं. पोरगी पहिल्या फटक्यात पास झाली. पुढे ती राजधानीत नोकरीला लागली, तिथेच लग्न करून राहिली, आणि गाडी म्हणाल तर तिने कधी घेतलीच नाही. आईला म्हणाली, "गाडी म्हणजे डोक्याला ताप, यम्मा. मेट्रो आहे की." शाभाने फोनवर नुसतं हं म्हटलं.

वयाच्या सत्तरीला मेझियानची उजवी बाजू लुळी पडली. बोलणं परत आलं, थोडं अडखळत. चालणं काठीने जमायला लागलं, पण हातात पाना धरवेना. गॅरेजची जागा मोबाइलच्या दुकानाला भाड्याने गेली. दर आठवड्याला दोघं तिझी-वुझूच्या इस्पितळात हाताच्या व्यायामासाठी जात, यूबा नावाच्या तरण्या ड्रायव्हरच्या, उतारू भरून नेणाऱ्या वडापच्या गाडीने. शाभा नेहमी यूबाच्या मागच्या सीटवर बसायची आणि घाट उतरताना तिचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर दाबला जायचा. मेझियान ते बघायचा.

एका सकाळी घाट अर्धा उतरल्यावर तिने पुढे वाकून पाहिलं. यूबा वळणाआधी पेडल दोनदा मारत होता, आणि दुसऱ्यांदाही त्याचा गुडघा पार सरळ होत होता.

"पोरा, पेडल खाली जातंय," ती म्हणाली.

"जुनी गाडी आहे, नन्ना. असंच आहे तिचं." मोठ्या बाईला आमच्याकडे नन्ना म्हणतात.

"गिअर खाली घे. पुढच्या झऱ्यापाशी थांब."

यूबाने आरशातून पाहिलं, आणि मेझियान अडखळत म्हणाला, "ती म्हणते तसं कर."

झऱ्यापाशी गाडी कशीबशी थांबली. चाकांतून जळका वास येत होता. उतारू कुरकुरत उतरले. मेझियान कट्ट्यावर बसला आणि त्याने यूबाला सांगितलं, तेल फार जुनं झालंय, त्यात पाणी मुरलंय, उतारावर तापून उकळतंय आणि वाफ धरतंय, म्हणून पाय खाली जातो. गार होऊ दे. चाकांवर पाणी ओतशील तर ब्रेकच्या चकत्या वाकतील. यूबाकडे पाना होता आणि सीटखाली ब्रेक ऑइलचा नवा डबाही होता, बापाने घेऊन दिलेला, सील न फोडलेला. चाकं गार झाल्यावर यूबा गाडीखाली शिरला, मेझियानने काठीने निपल कुठे आहे ते दाखवलं, आणि शाभा ड्रायव्हरच्या सीटवर चढली. सीट फार मागे होती, तिला टोकावर बसावं लागलं.

"दाब," मेझियान कट्ट्यावरून म्हणाला. "धर."

काळं तेल नळीतून बाटलीत उतरलं, त्यात बुडबुडे.

"सोड."

चारही चाकं झाली. पेडल वर आलं. यूबा खालून निघाला, तोंडावर काळे डाग, आणि आता त्याला सुटल्यासारखं झालं होतं म्हणून चेष्टा सुचली. "नन्ना, आता तुम्हीच न्या खाली. पाय तुमचा, गाडीही तुमचीच."

"मला येत नाही," शाभा म्हणाली.

उतारू हसले. एकाला वाटलं बाई विनयाने बोलतेय. "चाळीस वर्षं गाडीत बसून?" तो म्हणाला. मेझियान हसला नाही.

यूबा हात धुवायला गेला. शाभा येऊन कट्ट्यावर बसली. मेझियान लुळा हात मांडीवर घेऊन झऱ्याकडे बघत होता.

"शिकवा म्हणून तू मला कधी विचारलं होतंस?" तो म्हणाला.

"एकदा. उआलीची पिकअप होती तेव्हा."

"मी काय म्हटलं?"

तिने सांगितलं, जसंच्या तसं. मेझियान आठवायचा प्रयत्न करत राहिला. उआली आठवला, पिकअप आठवली, तिचा तुटका दिवासुद्धा आठवला.

"मला नाही आठवत," तो शेवटी म्हणाला. "गंमत केली असणार मी."

"गंमतच होती. मीही हसले होते."

"मग परत का नाही विचारलंस?"

त्यात दोष देणं नव्हतं. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. शाभाने शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"तुम्ही नाही म्हणाल असं वाटायचं."

"मी नसतो म्हणालो, शाभा. तू दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर किल्ली हातात दिली असती."

शाभा म्हणाली, "ते तर मग जास्तच वाईट झालं."

मेझियानने डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. माणसं आजूबाजूला होती, आणि असं चारचौघांत त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. यूबाने हॉर्न वाजवला तेव्हा त्याने तो काढला, आणि तिने त्याला काखेत धरून उठवलं.

इस्पितळात पोचायला उशीर झाला. व्यायाम घेणारा जेवायला निघून गेला होता, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. दोघांनी बाहेर पावात घातलेले तळलेले सार्डिन मासे खाल्ले आणि परतीची गाडी धरली. यूबाने शाभाला पुढे आपल्या शेजारी बसवलं, आज मान तुमचा, म्हणाला. मेझियान मागे खिडकीपाशी बसला आणि लगेच डुलकी घ्यायला लागला.

चढाला ब्रेकचं काम नसतं. यूबा एका हाताने स्टिअरिंग फिरवत होता, दुसऱ्याने गिअर, आणि क्लचवरचा त्याचा डावा पाय सावकाश वर येत होता. शाभा खाली मान घालून तो पाय बघत होती, वळणामागून वळण. यूबाच्या ते लक्षात आलं. त्याने विचारलं की नन्ना, पुन्हा काही बिघडलंय का? नाही, ती म्हणाली, सगळं ठीक आहे, तू समोर बघ.

ऐत सलानचा फाटा आला. वळणाआड जाईपर्यंत तो रस्ता तिच्या बाजूच्या खिडकीच्या काचेतून दिसत राहिला. डांबर नवं केलेलं होतं आणि त्यावर एकही गाडी नव्हती.